बाबा एबी, आई ओ आणि मी ओ

*प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. महिन्यापूर्वी पहिल्यांदा रक्तदान केलं. कार्ड आलं, ओ पॉझिटिव्ह. ते फाइलमध्ये ठेवायला गेलो तर बाबांचं जुनं कार्ड हाती लागलं, एबी पॉझिटिव्ह. त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचं आहे, मी शाळेत होतो. आई ओ निगेटिव्ह आहे आणि ताई ए निगेटिव्ह. एबी बापाला ओ मूल होत नाही, एवढं जीवशास्त्र मला येतं. ताई त्यांची, मग मी कुणाचा? तीन आठवडे झोप नाही. आईकडे बघवत नाही. डीएनए चाचणीसाठी बाबांच्या कंगव्यातले केस काढून ठेवलेत. ताई सहा महिन्यांची गरोदर आहे, तिला सांगू का? एकाच आईबापाची मुलं, एक निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह, अशी असतात तरी का? शिवाय ओ गटाच्या लोकांना ठरावीक आजार होतात आणि त्यांनी ठरावीकच खावं असा एक व्हिडिओ पाहिला. त्यात काही तथ्य आहे का? – झोप उडालेला*

झोप उडालेल्या मुला,

तुला तू म्हणते. रक्तपेढीत तीस वर्षं काढली आहेत आणि तुझ्या वयाची पोरं रोज खुर्चीत बसवून त्यांची नस शोधली आहे, तेव्हा तेवढा हक्क समज.

आधी ते केस कचऱ्यात टाक. गळलेल्या केसाला मूळ नसेल तर पितृत्वाच्या साध्या चाचणीला पुरेसा डीएनए मिळण्याची खात्री नसते, पण मी सांगतेय ते त्यासाठी नाही. ज्याच्याकडून उत्तर हवंय त्याला न विचारता त्याच्या शरीराचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा, हे बरं नव्हे. आणि तुझ्या बाबतीत त्याची गरज पडेल असंही मला वाटत नाही. का ते सांगते. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ते तू जाता जाता लिहून टाकलंयस आणि बहुधा सगळी गोम त्यातच आहे. त्याकडे वळण्याआधी रक्तगट म्हणजे काय हे थोडं नीट समजून घे, कारण शाळेत शिकलेला तक्ता खरा असला तरी अपुरा आहे.

लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. या साखळीचा पाया म्हणजे एच अँटिजेन (अँटिजेन म्हणजे शरीर ज्यावरून पेशी ओळखतं ती खूण). ते एक अक्षर आहे असं समज. त्याला काना लावला, म्हणजे एक विशिष्ट साखर टोकाला जोडली, की झाला ए. काना न लावता वेलांटी दिली, म्हणजे दुसरी साखर जोडली, की झाला बी. काही अक्षरांवर काना आणि काहींवर वेलांटी, तो एबी. आणि ज्याचं अक्षर कोरंच राहिलं तो ओ. ही मात्रा लावणारं एन्झाइम नवव्या गुणसूत्रावरच्या जनुकातून तयार होतं. ओ गटात त्या जनुकाची जी प्रत सर्वाधिक आढळते तिच्यात डीएनएचं एकच अक्षर गळालेलं असतं. तेवढ्यानं पुढचा सगळा मजकूर बिघडतो आणि एन्झाइम निकामी होतं. ए, बी आणि ओ हे गट कार्ल लँडस्टायनरनं १९०१ मध्ये मांडले (ओला तेव्हा तो सी म्हणत होता), पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना एबी सापडला आणि १९३० मध्ये त्याला नोबेल मिळालं.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची आणि एक बापाची. एबी माणसाकडे एक ए, एक बी, म्हणून तो मुलाला कोरी प्रत देऊ शकत नाही. इथपर्यंत तुझं बरोबर आहे. पण हा हिशेब बाबा खरोखर एबी आहेत आणि तू खरोखर ओ आहेस हे धरून चाललाय. तुझ्या हातात दोन माणसं नाहीत, दोन कार्डं आहेत.

कार्डांवर माझा विश्वास कमी आहे. नावांची अदलाबदल, नमुन्यावर चुकीची चिठ्ठी, घाईत काचपट्टीवर केलेली चाचणी, लिहिताना झालेली चूक, हे सगळं मी पाहिलंय. एकदा तर माझ्याच हातून एका नमुन्यावर दुसऱ्याचं नाव पडलं होतं. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. म्हणूनच रक्त चढवण्याआधी रक्तपेढी रुग्णाच्या कार्डावर विसंबत नाही, ताजा नमुना घेऊन गट पुन्हा तपासते आणि क्रॉसमॅच करते, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते पाहते.

आता ते वाक्य. बाबांचं कार्ड आतड्याच्या ऑपरेशनच्या वेळचं आहे.

आतड्याचा कर्करोग, आतड्याला अडथळा किंवा तिथला जोरदार संसर्ग असला की काही जीवाणूंचं एन्झाइम रक्तात उतरतं आणि ए गटाच्या माणसाच्या पेशींवरची साखर कुरतडतं. पूर्ण नाही, तिचा एक छोटा अ‍ॅसिटिल गट तेवढा निघून जातो. उरलेली साखर बीच्या साखरेसारखी दिसू लागते. कान्याचं टोक झिजून तो वेलांटीसारखा भासावा तसं. मग बी ओळखणारं अँटी-बी सीरम टाकलं की त्या पेशी गुठळी धरतात आणि ए माणसाच्या कागदावर एबी असं उमटतं. याला अक्वायर्ड बी, म्हणजे उपरा बी, म्हणतात. आजार बरा झाला की तो ओसरतो, पण कार्ड आयुष्यभर फाइलमध्ये पडून राहतं. हा प्रकार दुर्मीळ आहे आणि तो ओळखताही येतो, कारण अशा माणसाच्या रक्तद्रवात अँटी-बी प्रतिपिंडं, म्हणजे बीवर हल्ला करणारी प्रथिनं, असतात. खऱ्या एबीत ती नसतात. पेशी म्हणतात बी आहे, रक्तद्रव म्हणतो नाही. अशा विसंगतीपाशी चांगला तंत्रज्ञ थांबतो. नुसत्या पेशी पाहून कार्ड लिहिणारा थांबत नाही.

बाबा मुळात ए असतील आणि त्यांची दुसरी प्रत ओची असेल, तर आई ओ, ताई ए आणि तू ओ हे सगळं विनातक्रार जुळतं. ताई ए आहे म्हणून हे सिद्ध झालं असं नाही, खऱ्या एबी बापालाही ए मुलगी होते. पण ताई बी असती तर माझा तर्क तिथल्या तिथे कोसळला असता, कारण आई ओ असल्यामुळे तो बी बाबांकडूनच आला असता. तो कोसळला नाही, एवढंच आत्ता म्हणते. ऑपरेशनच्या वेळी नमुना घेण्याआधी त्यांना दुसऱ्या गटाचं रक्त चढवलेलं असेल तरीही निकाल गोंधळतो. तेही विचार.

आता तुझ्या कार्डाकडे. ते ओ म्हणतंय, तरी त्यामागे दोन-तीन गोष्टी दडलेल्या असू शकतात. ए गटाचे काही उपप्रकार इतके फिकट असतात की नेहमीच्या चाचणीत गुठळी दिसतच नाही आणि माणूस ओ ठरतो. दुसरी शक्यता मुंबईच्या नावानं जगभर ओळखली जाते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं सापडली की ज्यांच्या पेशींवर ए नव्हता, बी नव्हता आणि ओ माणसाकडे हमखास असतो तो एचही नव्हता. म्हणजे मूळ अक्षरच लिहिलेलं नाही, मग काना लावायचा कशाला? हाच बॉम्बे रक्तगट. एच घडवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, वेगळंच आहे. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की हे होतं. बापाकडून आलेली ए किंवा बीची प्रत अंगात शाबूत असते, पण तिला काम करायला जागाच उरत नाही. म्हणून एबी बापाचा मुलगा कागदावर ओ दिसू शकतो आणि त्याच मुलाला पुढे ए किंवा बी गटाचं मूल होऊ शकतं.

इथे मी तुझ्या बाबांना क्षणभर बाजूला ठेवते, कारण हे तुझ्या जिवाशी आहे. बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि साध्या ओ रक्तात एच सगळ्यात जास्त. त्याला ओ रक्त चढवलं तर ते शरीरात फुटतं आणि माणूस दगावू शकतो. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, आणि हा गट जगभर दुर्मीळ आहे. तू त्यातला असण्याची शक्यता फार कमी आहे. पण शंका एकदा निघाली की ती फेडून टाकायची. त्यासाठी रिव्हर्स ग्रुपिंग पुरतं. तुझा रक्तद्रव घेऊन त्यात ओळखीच्या गटांच्या पेशी घालतात. त्यात ए आणि बीबरोबर ओ पेशीही घाला, असं सांग. ओ माणसाचा रक्तद्रव ओ पेशींना हात लावत नाही. बॉम्बेचा लावतो. मग अँटी-एच सीरमनं खात्री करून घेतात.

तिसरी शक्यता बाबांच्या बाजूची. काही थोड्या लोकांत ए आणि बी दोन्ही एकाच प्रतीवर बसलेले असतात. त्याला सिस-एबी म्हणतात, कोरिया-जपानकडे तो जास्त सापडतो. अशा माणसाची दुसरी प्रत ओची असेल तर एबी बापाला ओ मूल अगदी नियमानं होतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर माणसाचा गट बदलून दात्याचा होतो. गर्भातच दोन जुळ्या भ्रूणांच्या पेशी मिसळून एकाच शरीरात पेशींचे दोन वंश नांदतात, असंही घडतं. अमेरिकेत एका बाईनं स्वतः जन्म दिलेली मुलं तिची नाहीत असं डीएनए चाचणीनं सांगितलं होतं, ते याच कारणानं. तेव्हा डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य असंही धरून चालू नकोस.

रक्तगट पितृत्व सिद्ध करत नाही. फार तर नाकारतो, आणि तेही चाचण्या बिनचूक असतील तर. चार्ली चॅप्लिनचा खटला ऐकलायस? आई ए, बाळ बी, चॅप्लिन ओ. बी आला कुठून? चॅप्लिन बाप असणं शक्य नव्हतं. तरी १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं त्यालाच बाप ठरवलं, कारण रक्ताची चाचणी निर्णायक मानण्याचं बंधन तिथल्या कोर्टावर नव्हतं. तिथे पुरावा भक्कम होता आणि ऐकणारं कुणी नव्हतं. तुझं उलटं झालंय. पुरावा दोन कार्डांचा, आणि निकाल तू रात्री अंथरुणात पडून देऊनही टाकलास, तोही आईविरुद्ध.

निगेटिव्ह-पॉझिटिव्हचं कोडं सोपं आहे. आरएच हे साखरेचं काम नाही, ते पेशीच्या आवरणातलं प्रथिन आहे. त्याची डी नावाची खूण असली तर पॉझिटिव्ह, नसली तर निगेटिव्ह. बाबांकडे डीची एक प्रत आहे आणि एक नाही. ताईला नसलेली मिळाली, तुला असलेली. घरोघरी असतं हे.

पण ताईचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबते, कारण तुझ्या कोड्यापेक्षा ते मला जास्त तातडीचं वाटतं. ए आणि बीविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतरच्या काही महिन्यांत आपोआप तयार होतात. आतड्यातल्या जीवाणूंवर तशाच साखरा असतात, त्या पाहून शरीर शिकतं. डीचं तसं नाही. निगेटिव्ह बाईच्या रक्तात पॉझिटिव्ह पेशी शिरल्या तरच तिचं शरीर डीविरुद्ध उठतं. पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीत त्याचं थोडं रक्त तिच्या रक्तात मिसळतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप सुटतं. पण तोवर तयार झालेली प्रतिपिंडं पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) ओलांडून दुसऱ्या बाळाच्या पेशी फोडतात. बाळाला रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते, जन्मल्यावर तीव्र कावीळ होते. एकामागून एक मुलं अशी गेलेली घरं एके काळी होती आणि का ते कुणाला कळत नव्हतं. १९३९-४० च्या सुमारास लेव्हिन, लँडस्टायनर, वीनर या संशोधकांच्या कामातून उलगडा झाला आणि १९६८ पासून अँटी-डीचं इंजेक्शन वापरात आलं.

गंमत अशी की ते इंजेक्शन म्हणजे तीच प्रतिपिंडं, दुसऱ्या माणसांच्या रक्तद्रवातून काढलेली. बाळाच्या पेशी आईच्या शरीराच्या नजरेस येण्याआधीच त्यांचा बंदोबस्त होतो आणि आईचं शरीर ते शत्रुत्व शिकतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसननं यासाठी ११७३ वेळा रक्तद्रव दिला. रक्तपेढीत राबलेल्या बाईला असा दाता म्हणजे देवमाणूस.

ताईच्या नवऱ्याचा गट पॉझिटिव्ह असेल, किंवा माहीत नसेल, तर तिनं डॉक्टरांना इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्टबद्दल विचारावं. तिच्यात प्रतिपिंडं आधीच तयार झाली आहेत का ते त्यातून कळतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर ती चांगली बातमी. (निगेटिव्ह गट आणि वर निगेटिव्ह रिपोर्ट असं ऐकून रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात, म्हणून स्पष्ट लिहिते.) मग २८व्या आठवड्याच्या आसपास एक इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दुसरं. मध्येच रक्तस्राव झाला किंवा पोटाला मार बसला तर लगेच डॉक्टरांकडे जावं. प्रतिपिंडं आधीच असतील तर इंजेक्शनचा उपयोग नाही. मग बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी करून रक्तक्षयावर नजर ठेवतात आणि वेळ पडलीच तर पोटातल्या बाळाला रक्त देतात. ताईला हे सगळं सांग. तुझी शंका मात्र तिला आत्ता सांगू नकोस. उत्तर काही दिवसांत मिळणार आहे, तोवर तिलाही रात्रभर जागं ठेवायचं कशाला?

व्हिडिओचं थोडक्यात. गट आणि आजार यांचं नातं खरं आहे, त्यातून काढलेला पथ्याचा तक्ता खोटा. ओ लोकांत रक्त गोठवणाऱ्या एका घटकाचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण पावपट कमी असतं, म्हणून त्यांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका कमी. घातक फॅल्सिपेरम मलेरियात ओ गटाला थोडं संरक्षण मिळतं, कारण त्यांच्या संसर्गित पेशी इतर पेशींना तितक्या चिकटत नाहीत. उलट कॉलरा झालाच तर ओ माणसाला तो जास्त पिडतो, आणि जठराचा व्रणही त्यांच्यात थोडा अधिक. ए गटात जठराचा कर्करोग किंचित जास्त, हे १९५३ पासून माहीत आहे. माझं आवडतं उदाहरण वेगळ्याच रक्तगटाचं आहे. लाल पेशीवरचं डफी प्रथिन म्हणजे व्हायव्हॅक्स मलेरियाच्या परजीवीला आत शिरायचा दरवाजा. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या पेशींवर हा दरवाजाच नाही आणि तिथे व्हायव्हॅक्स फारसा टिकत नाही. अलीकडे काही ठिकाणी तो दरवाजाशिवायही शिरलेला आढळलाय, म्हणजे चोर हुशार होतोय. अशा रक्तगटांच्या पंचेचाळीसहून अधिक प्रणाली आज माहीत आहेत आणि साडेतीनशेहून अधिक अँटिजेन. एबीओ आणि आरएच हे त्यातले फक्त दोन.

पण हे सगळे फरक हजारो माणसं एकत्र मोजली की दिसणारे आहेत. एकट्या तुझ्या ताटात काय असावं हे त्यातून ठरत नाही. गटानुसार आहाराचे दावे टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तपासले. त्यातले काही आहार प्रकृतीला चांगले निघाले, पण ते पाळणाऱ्याचा गट कोणताही असला तरी सारखेच. व्हिडिओ बंद कर.

आता काय करायचं. बाबांना घेऊन एकाच दिवशी चांगल्या रक्तपेढीत जा. दोघांचेही ताजे नमुने द्या आणि फॉरवर्ड (पेशींवरून) आणि रिव्हर्स (रक्तद्रवावरून) दोन्ही ग्रुपिंग मागा. बाबांच्या ऑपरेशनची हकिगत आणि दोन्ही कार्डं तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवा. काही विसंगत दिसलं तर ते आपणहून पुढच्या चाचण्या करतील. ओ आणि एबी दोन्ही पक्के निघाले तर सिस-एबीसाठी जनुकाची तपासणी होते. तेही नाही म्हणालं, तरच डीएनएचा विषय, आणि तोही सगळ्यांनी एकत्र बसून ठरवल्यावर. तशी वेळ आली तर मला पुन्हा लिही. ते पत्र वेगळं असेल.

बाबांना काय सांगायचं, हा तुझा खरा अडसर असणार. बहाणा शोधू नकोस, खरं कारण हाताशी आहे. ते मुळात ए असतील आणि कुणी त्या जुन्या कार्डावर भिस्त ठेवून त्यांना एबी रक्त चढवलं, तर त्यांच्या अंगातली अँटी-बी प्रतिपिंडं ते रक्त फोडतील. ते कार्ड असंच फाइलमध्ये राहणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे. ‘बाबा, तुमचं कार्ड चुकीचं असावं, तपासून घेऊ या’ एवढं म्हण. ते विचारतील, तुला कसं कळलं? तेव्हा स्वतःचं कार्ड त्यांच्या हातात दे आणि तीन आठवडे काय वाटत होतं तेही सांगून टाक, रिपोर्ट यायच्या आत. रिपोर्ट जुळला तर नंतर तुझं तोंड उघडणार नाही, आणि आईकडे न बघता काढलेले हे दिवस तसेच तुझ्याजवळ राहतील.

जाताना पोटभर जेवून जा, या चाचणीला उपाशी राहावं लागत नाही.